घरयादी ते शिरगणती: जनगणनेचा गट चोख कसा मोजावा

जनगणनेत चुका प्रश्न विचारताना कमी होतात, कडेला जास्त होतात. गटाची, म्हणजे एका प्रगणकाला मोजायला दिलेल्या भागाची हद्द कुठे संपते, कुटुंब कुठे संपतं आणि मोजणीची वेळ कुठे संपते, या तीन कडा ज्याला नीट धरता आल्या त्याचं निम्मं काम झालं. २०११ च्या जनगणनेनंतर निवडक गटांची पुन्हा स्वतंत्र मोजणी झाली. दुबार नोंदलेली माणसं वजा करूनही दर हजारी २३ माणसं मोजायची राहिली होती. २००१ मध्येही हाच आकडा होता. सहाशे वस्तीच्या एका गटाला हा हिशेब लावला तर चौदा माणसं मोजायची राहून जातात. ती सहसा गावाच्या मधोमध राहणारी नसतात.

हा लेख मुख्यतः प्रगणकासाठी आहे. म्हणजे शाळेतून, ग्रामपंचायतीतून किंवा पालिकेतून नेमणूक होऊन ज्यांच्या हातात गट येतो त्यांच्यासाठी. पर्यवेक्षकालाही उपयोगी पडेल.

काम दोन टप्प्यांत होतं. पहिला टप्पा घरयादी आणि घरगणना. २०२७ च्या जनगणनेसाठी तो एप्रिल ते सप्टेंबर २०२६ या काळात आहे, त्यातले ३० दिवस प्रत्येक राज्याने ठरवायचे. दुसरा टप्पा प्रत्यक्ष लोकसंख्या गणना, फेब्रुवारी २०२७ मध्ये. संदर्भ क्षण, म्हणजे ज्या क्षणाची लोकसंख्या धरायची तो, १ मार्च २०२७ ची ००:०० वेळ. लडाख आणि जम्मू-काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडमधल्या बर्फाळ भागांसाठी मात्र १ ऑक्टोबर २०२६. जिल्ह्यात जिल्हाधिकारी आणि मोठ्या शहरात महापालिका आयुक्त प्रधान जनगणना अधिकारी असतात, तालुक्यात तहसीलदार चार्ज अधिकारी. साधारण सहा प्रगणकांमागे एक पर्यवेक्षक. यंत्रणेची एवढी माहिती पुरे. खरं काम चपला घातल्यावर सुरू होतं.

पहिला दिवस फक्त चालण्याचा

नेमणूकपत्रासोबत गटाच्या चतुःसीमा मिळतात: उत्तरेला ओढा, पूर्वेला जिल्हा परिषद शाळेचा रस्ता, वगैरे. ही हद्द कागदावर वाचून भागत नाही. शेजारच्या गटाच्या प्रगणकाला सोबत घेऊन ती पायी फिरायची. रस्ता हीच हद्द असेल तर डावीकडची घरं कोणाची आणि उजवीकडची कोणाची, हे दोघांनी जागेवर उभं राहून ठरवायचं. दोघांच्या नकाशावर हद्दीवरच्या शेवटच्या इमारतीची खूण सारखी हवी. हे केलं नाही तर दोनच गोष्टी होतात: हद्दीवरची आळी दोघंही मोजतात, नाहीतर दोघंही सोडतात. दुसरी जास्त वेळा होते, कारण प्रत्येकाला वाटतं की ती समोरच्याकडे आहे.

ग्रामीण भागात एक गैरसमज पक्का बसलेला आहे. गाव म्हणजे गावठाण नव्हे. जनगणनेचं गाव म्हणजे महसुली गाव, शिवारासकट. वाड्या, वस्त्या, पाडे, तांडे, मळ्यातली घरं, धरणाच्या भिंतीखालची चौकीदाराची खोली, डोंगरावरच्या देवळामागे राहणारा पुजारी, सगळं त्यात आलं. तलाठ्याकडचा गावनकाशा आणि कोतवाल किंवा पोलीस पाटील सोबत घेऊन शिवार एकदा फिरून घ्या. शेतजमिनीच्या कोणत्या गटनंबरात वस्ती आहे हे कोतवालाइतकं कोणाला माहीत नसतं. गाव बेचिराख असलं तरी ते यादीत राहतं. तिथे खरंच कोणी राहत नाही ना, हे जाऊन बघायचं.

नकाशा आणि क्रमांक

नजरी नकाशा, म्हणजे नजरेच्या अंदाजाने हाताने काढलेला, सुबक नसला तरी चालतो, क्रमाने मात्र असायला हवा. आधी रस्ते, ओढे, मंदिर, शाळा, पाण्याची टाकी अशा न हलणाऱ्या खुणा. मग इमारती. रूढ चिन्हं चार: राहण्याची पक्की इमारत म्हणजे चौकोन, पक्की पण राहण्याची नसलेली म्हणजे भरलेला चौकोन. कच्च्यासाठी तसाच त्रिकोण आणि भरलेला त्रिकोण. क्रमांक वायव्य कोपऱ्यातून सुरू करून आग्नेयेकडे संपवायचे, आणि वाटेवर बाणाने दिशा दाखवायची. तुमच्यानंतर येणारा माणूस त्या बाणांवरून चालत गेला तर त्याला प्रत्येक दार सापडलं पाहिजे. फोनमधल्या अ‍ॅपवर नोंद करतानाही हा क्रम डोक्यात पक्का हवा. उपग्रहचित्रात झाडाखालची झोपडी दिसत नाही, आणि एका पत्र्याखाली तीन दारं आहेत हेही कळत नाही.

पुढचं नीट समजून घ्या, कारण सगळी पुढची मोजणी त्यावर उभी आहे. इमारत, जनगणना घर आणि कुटुंब या तीन वेगळ्या गोष्टी. इमारत म्हणजे उभं असलेलं सगळं बांधकाम. त्या इमारतीचा जो भाग स्वतंत्रपणे वापरला जातो आणि ज्याला रस्त्यावरून, अंगणातून किंवा सामाईक जिन्यावरून स्वतःचं प्रवेशद्वार आहे, तो भाग म्हणजे जनगणना घर. पुण्याच्या पेठेतला जुना वाडा एक इमारत, पण चौकाभोवती सात बिऱ्हाडांच्या सात स्वतंत्र खोल्या असतील तर सात जनगणना घरं. गिरणगावातल्या चाळीत प्रत्येक खोली वेगळं घर. इमारत २३ असेल तर घरं २३(१), २३(२) अशी, आणि दुसऱ्या घरात दोन कुटुंबं असतील तर २३(२)अ आणि २३(२)ब. क्रमांक देऊन झाल्यावर मध्येच एखादी इमारत राहिलेली सापडली तर सगळे क्रमांक बदलत बसू नका. दहाच्या पुढे सापडली तर १०/१.

गोठा, मोटारीची खोली, दुकान, पिठाची गिरणी, समाजमंदिर, ग्रामपंचायत कार्यालय यांनाही क्रमांक द्यायचा. हे वेळखाऊ वाटतं आणि म्हणूनच टाळलं जातं. पण राहून जाणारी माणसं बहुतेक याच इमारतींत असतात. राहण्यासाठी नसलेल्या प्रत्येक इमारतीत एक प्रश्न विचारायचा: "इथं रात्री कोण झोपतं?" बेकरीत कारागीर झोपतात, गोदामात राखणदार, सोसायटीच्या पंपरूमशेजारी वॉचमनचं कुटुंब, मंगल कार्यालयात आचारी, मच्छी बंदरावर खलाशी. सकाळी अकरा वाजता गेलात तर तिथे फक्त धंदा दिसतो.

कुलूप दिसलं की नोंद करायची घाई नको. राहणारी माणसं तात्पुरती बाहेर आहेत, ते घर कुलूपबंद. कोणी वापरतच नाही, ते रिकामं. फरक शेजारी सांगतात, दार सांगत नाही. कोकणात याचा फार घोळ होतो. चाकरमान्याचं घर एप्रिलमध्ये बंद दिसलं म्हणून ते आपोआप कुठल्याच प्रकारात टाकू नका. घरात एकटी म्हातारी आई राहते आणि ती फक्त दवाखान्याला गेली आहे, असंही असतं. निदान तीनदा वेगवेगळ्या वेळी जा. त्यातली एक खेप संध्याकाळची ठेवा.

पहिल्या टप्प्यातले ३३ प्रश्न

हे प्रश्न बहुतेक डोळ्यांनी पाहून आणि दोन शब्द विचारून भरता येतात: जमीन, भिंत, छप्पर कशाचं, पिण्याचं पाणी, दिवाबत्ती, संडास, सांडपाणी, स्वयंपाकाचं इंधन, मोबाइल, इंटरनेट, वाहन, घरात मुख्यतः कोणतं धान्य खाल्लं जातं. बहुतेकांवर थांबायची गरज नाही. तीन ठिकाणी मात्र हमखास चूक होते.

एक, खोल्या. फक्त स्वयंपाकघर, न्हाणीघर, कोठीची खोली, पॅसेज धरायचे नाहीत. पण एकाच खोलीत झोपणं, बसणं आणि स्वयंपाक सगळं होत असेल तर ती राहण्याची खोली धरायची. चाळीतल्या खोलीला "शून्य खोल्या" लिहिलेल्या नोंदी याच गफलतीतून येतात. दोन, पाण्याचं अंतर. २०११ मध्ये "घराजवळ" म्हणजे ग्रामीण भागात ५०० मीटर आणि शहरात १०० मीटरच्या आत असं ठरलेलं होतं. लोक "जवळच आहे" म्हणतात, आणि हंडा डोक्यावर घेऊन जाणारी बाई वेगळं सांगते. तिला विचारा. तीन, इंधन. गॅसची जोडणी असणं आणि स्वयंपाक मुख्यतः गॅसवर होणं हे दोन वेगळे प्रश्न आहेत. सिलिंडर कोपऱ्यात आणि चुलीत लाकडं, हे चित्र आजही दिसतं. दोन्ही प्रश्नांची उत्तरं वेगळी भरा.

काही कुटुंबांनी स्वगणना केलेली असेल, म्हणजे आपली माहिती स्वतःच ऑनलाइन भरलेली असेल, आणि ती तुम्हाला ओळखक्रमांक दाखवतील. क्रमांक मिळाला म्हणून दारावरूनच परत फिरू नका. घर तुमच्या हद्दीतलंच आहे ना, क्रमांक त्याच घराला जोडला गेला ना आणि माणसांची संख्या जुळते ना, एवढं बघून मगच पुढे जा.

कुटुंब म्हणजे चूल

जनगणनेतलं कुटुंब रक्तावर ठरत नाही आणि रेशनकार्डावरही नाही. जी माणसं एकत्र राहतात आणि एका चुलीवरचं जेवतात, ते एक कुटुंब. मराठीत "चूल वेगळी झाली" म्हणतात, त्याचा इथे अगदी शब्दशः अर्थ घ्यायचा. दोन भाऊ एकाच घरात राहतात, शेती एकत्र, सातबारा एक, पण स्वयंपाक वेगळा: दोन कुटुंबं. उलट रेशनकार्डं तीन, पण वरण-भात एका पातेल्यातला: एकच. लोकांना भीती असते की एक सांगितलं तर कार्ड कमी होईल, आणि म्हणून ते दोन सांगतात. कार्डाचा याच्याशी काही संबंध नाही हे आधी सांगा, मग विचारा.

पुण्यात एका फ्लॅटमध्ये सहा मुलं राहतात. स्वयंपाक एकत्र करत असतील तर ते एक कुटुंब. प्रत्येकाचा डबा वेगळा, मेस वेगळी असेल तर सहा एकेकट्या माणसांची सहा कुटुंबं. हे विचित्र वाटतं, पण नियम तसाच आहे. वसतिगृह, आश्रमशाळा, तुरुंग, वृद्धाश्रम, जिथे एकमेकांशी नातं नसलेली माणसं संस्थेच्या स्वयंपाकावर जेवतात, ते संस्थात्मक कुटुंब. पण त्याच आवारात रेक्टर आपल्या बायकामुलांसह वेगळा स्वयंपाक करून राहत असेल तर ते साधं, वेगळं कुटुंब.

कुटुंबप्रमुख कोण, हे कुटुंब सांगेल तेच. घराची मालकी, वय, पुरुष असणं यातलं काही आडवं येत नाही. एकदा प्रमुख ठरला की सगळ्यांची नाती त्याच्याशी लिहायची, बोलणाऱ्याशी नाही. सून माहिती देत असते आणि म्हणते, "हे माझे दीर." प्रमुख सासरे असतील तर नोंद "मुलगा". ती "माझी जाऊ" म्हणते तेव्हा नोंद "सून". एकत्र कुटुंबात पाचव्या-सहाव्या ओळीपर्यंत लक्ष सुटतं आणि नातवाच्या जागी पुतण्या बसतो. प्रमुखाचं नाव वरच्या कोपऱ्यात बोटाखाली धरा, आणि प्रत्येक ओळीला मनात म्हणा: "हा यांचा कोण?"

कोणाला कुठे मोजायचं

दुसऱ्या टप्प्यातली सगळ्यात अवघड गोष्ट हीच. २०११ मध्ये मोजणीचा काळ ९ ते २८ फेब्रुवारी होता. नेहमी इथे राहणारा माणूस त्या काळात पूर्ण किंवा काही दिवस तरी इथे असला, किंवा काळ संपण्याआधी परत येणार असला, तर त्याला इथे मोजायचं. संपूर्ण काळ बाहेर असणाऱ्याला इथे मोजायचं नाही. तो जिथे सापडेल तिथे मोजला जाईल. नियम एवढाच. महाराष्ट्रात तो फेब्रुवारीत लावायला गेलं की डोकं फिरतं.

कारण फेब्रुवारी हा उसाच्या गाळपाचा ऐन हंगाम आहे. बीड, अहिल्यानगर, जालना, नाशिक या भागांतले तांडे आणि वस्त्या दिवाळीनंतर अर्ध्या रिकाम्या होतात. कोयते, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्या, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात साखर कारखान्यांच्या फडांवर असतात. त्यांना मोजायचं ते कोपीत, म्हणजे तिथल्या तात्पुरत्या झोपडीत, गावी नाही. आता दोन्ही टोकांना काय बिघडतं ते बघा.

गावाकडे आजी घरी असते, कधीकधी नातवंडांसह. तुम्ही विचारता, "घरात कोणकोण?" ती सगळ्यांची नावं सांगते, कारण तिच्या मनात ते सगळे घरचेच आहेत. एकेका नावाला "तो आत्ता कुठं आहे आणि कधी येणार?" हे विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही. पाडव्याच्या सुमारास येणार असेल तर नाव इथे नाही. शाळेसाठी आजीजवळ ठेवलेली मुलं मात्र इथे. ती हंगामी वसतिगृहात राहत-जेवत असतील तर तिथे.

कारखान्याकडे उलट अडचण. घरयादी एप्रिल ते सप्टेंबरमध्ये झाली, तेव्हा हंगाम संपलेला किंवा संपत आलेला, त्यामुळे कोप्यांचा कुठे पत्ता नव्हता. म्हणजे फेब्रुवारीत तुमच्या हातातल्या यादीत ज्यांचं नावनिशाण नाही अशी पन्नास-साठ बिऱ्हाडं कारखान्याच्या तळावर किंवा ओढ्याकाठी उभी असतात. यादीत नाही म्हणून त्यांना सोडायचं नाही. कोप्यांना नवे क्रमांक द्या, नकाशात घाला, प्रत्येक चूल वेगळं कुटुंब म्हणून मोजा. जायचं ते मुकादमाला विचारून ठरवा. तोड पहाटे सुरू होते आणि दिवसभर कोपीत कोणी नसतं, म्हणून गाठायचं संध्याकाळी, भाकरी थापायच्या वेळी. मुकादमाच्या वहीतून नावं उतरवून घेणं सोपं आहे, पण त्या वहीत फक्त कोयते असतात. कोपीत खेळणारं दोन वर्षांचं पोर त्यात नसतं.

वीटभट्ट्यांचंही अगदी असंच आहे. पावसाळा संपल्यावर उभ्या राहतात, पुढच्या पावसाआधी उठतात.

दुसरं उदाहरण माहेरच्या बाळंतपणाचं. मुलगी जानेवारीत माहेरी आली आणि एप्रिलमध्ये सासरी जाणार असेल तर ती आणि बाळ दोघंही माहेरी मोजायची. सासरचे लोक तिचं नाव आग्रहाने सांगतात. माहेरचे म्हणतात, "ती आता आमच्यात नाही." मग ती दोन्हीकडे येते किंवा कुठेच येत नाही. बाळाचं जन्मस्थळ मात्र ते खरोखर जिथे जन्मलं तेच. दवाखाना तालुक्याला असेल तर तालुक्याचं गाव. बारसं झालेलं नसेल तर नाव नाही म्हणून ओळ सोडू नका, "बाळ" लिहा. तान्ह्या मुली मोजणीतून जास्त निसटतात असा पूर्वीपासूनचा अनुभव आहे. ज्या राज्यात २०११ साली बीड जिल्ह्यात ० ते ६ वयाच्या हजार मुलांमागे मुली ८०७ होत्या, तिथे अशी एकेक सुटलेली ओळ सगळं चित्र बिघडवते. "घरात पाळण्यातलं कोणी?" हा प्रश्न शेवटी वेगळा विचारा.

परदेशात असलेला मुलगा पूर्ण काळ तिथेच असेल तर मोजायचा नाही. इथे राहणारा परदेशी नागरिक मोजायचा, वकिलातीचे राजनैतिक अधिकारी वगळून.

दारात बसल्यावर

वयापासून सुरुवात करू. पूर्ण झालेली वर्षं लिहायची. पण मराठीत वय सांगायची रीत वेगळी आहे. "त्याला सहावं चालू आहे" म्हणजे पाच पूर्ण. "पंचविसावं लागलं" म्हणजे चोवीस. ऐकलेला आकडा जसाच्या तसा लिहिला की अख्खा गट एका वर्षाने म्हातारा होतो. वर्षाच्या आतल्या बाळाचं वय शून्य. चाळीशीच्या पुढे सगळी वयं ४०, ४५, ५०, ६० अशी गोळा होतात, कारण लोक अंदाजाने सांगतात. तिथे गावातल्या मोठ्या घटनांचा आधार घ्या: १९६७ चा कोयनेचा भूकंप, १९७२ चा दुष्काळ, सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप. "दुष्काळात तुम्ही खडी फोडायला जाण्याइतके मोठे होतात का?" असं विचारलं की बरोबर वय निघतं. कागदपत्र मागायचं नाही. त्यांनी स्वतःहून दाखवलं तर बघायचं.

साक्षर म्हणजे कोणत्याही भाषेत समजून वाचता आणि लिहिता येणं, दोन्ही. फक्त सही येत असेल तर नाही. ब्रेल वाचणारा साक्षर. सात वर्षांखालचं मूल पहिलीत कितीही हुशार असलं तरी साक्षर धरायचं नाही.

मातृभाषेत तुमचं व्याकरणाचं ज्ञान बाजूला ठेवा. अहिराणी सांगितली तर अहिराणी, मालवणी सांगितली तर मालवणी, गोरमाटी सांगितली तर गोरमाटी. ती मराठीची बोली आहे की स्वतंत्र भाषा, हा वर्गवारीचा प्रश्न नंतर कार्यालयात सुटतो, दारात नाही.

काम. इथे स्त्रियांची नोंद सर्वाधिक चुकते. "मालकीण काय करतात?" "घरीच असते." आणि ती बाई तुमच्यासमोर खुरपं ठेवून आलेली असते. घरच्या शेतातलं बिनपगारी काम हे काम आहे. २०११ च्या व्याख्येत घरापुरतं दूध काढणंही त्यात होतं. स्वयंपाक-धुणीभांडी नव्हे. म्हणून "निंदणी-खुरपणी कोण करतं? जनावरांचं कोण बघतं? दुसऱ्याच्या रानात रोजानं जाता का?" असं तोडून विचारा. गेल्या वर्षभरात सगळं मिळून सहा महिने किंवा जास्त काम असेल तर मुख्य कामगार, कमी असेल तर सीमांतिक. घरच्या शेतात दोन महिने आणि मजुरीला पाच महिने जाणारी बाई सात महिन्यांमुळे मुख्य कामगार, आणि जास्त वेळ मजुरीचा म्हणून शेतमजूर. बटईने शेती करणाराही शेतकरीच धरायचा, मालक नसला तरी.

धर्म आणि जात हे दोन वेगळे प्रश्न, आणि एकाचं उत्तर दुसऱ्यावरून लिहायचं नाही. धर्म सांगतील तोच. अनुसूचित जातीची नोंद हिंदू, शीख आणि बौद्ध यांच्यातच होऊ शकते, अनुसूचित जमातीला धर्माची अट नाही. "हरिजन", "दलित", "मागासवर्गीय" हे जातीचं नाव नव्हे. नेमकं नाव नम्रपणे विचारा आणि यादीत पडताळा.

२०२७ मध्ये दुसऱ्या टप्प्यात सगळ्यांची जात विचारली जाणार आहे, आणि १९३१ नंतर पहिल्यांदाच देशभरात पूर्ण जातगणना प्रसिद्ध होण्याची शक्यता आहे. २०११ च्या सामाजिक-आर्थिक व जात पाहणीत काय झालं हे लक्षात ठेवा. १९३१ मध्ये ४,१४७ जाती नोंदल्या होत्या. या पाहणीत ४६ लाखांवर वेगवेगळी नावं निघाली, असं केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात सांगितलं. एवढ्या जाती देशात नाहीत. एकाच जातीची दहा स्पेलिंगं, कूळ, गोत्र, पोटजात, आडनाव, व्यवसाय, सगळं जातीच्या रकान्यात गेलं. पाटील, देशमुख, कुलकर्णी या वतनांवरून आलेल्या पदव्या आहेत, जाती नव्हेत. पवार, जाधव, चव्हाण ही आडनावं कितीतरी जातीजमातींत सापडतात. आडनाव ऐकून जात लिहिणं हा सर्वात मोठा गुन्हा समजा. जात, पोटजात आणि आडनाव वेगवेगळं उच्चारून विचारा, आणि लिहिलेलं वाचून दाखवा. धनगर आणि धनगड या एका अक्षराच्या फरकावर या राज्यात वर्षानुवर्षं वाद चालला आहे. तुमच्या बोटाखालचं अक्षर किरकोळ नाही.

विवाहित स्त्रियांना झालेल्या मुलांचा प्रश्न शेवटाकडे ठेवा आणि शक्यतो ओसरीवर पुरुषांच्या घोळक्यात विचारू नका. जन्मून दगावलेलं मूलही मोजायचं असतं, आणि तेच सांगायचं टाळलं जातं.

कोणी उत्तर द्यायला नकार दिला तर भांडू नका. जनगणना अधिनियम १९४८ नुसार उत्तर देणं बंधनकारक आहे, पण हे वाक्य दारात पहिलं उच्चारलंत तर दार बंद होतं. आधी गोपनीयतेचं सांगा: या नोंदी कोणाला पाहायला मिळत नाहीत आणि कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाहीत, कलम १५ तसं म्हणतं. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही अशी रूढी असेल तर कायदा त्या बाईवर सक्ती करत नाही. ते नाव घरातल्या दुसऱ्या कोणाकडून घ्या. तुमच्याकडूनही गोपनीयता पाळली जायला हवी. भरलेली माहिती चावडीवर बोलायची नाही, आणि स्क्रीनचा फोटो प्रगणकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकून शंका विचारायची नाही. शंका फोन करून विचारा, नाव न घेता.

वेळेचं गणित आणि बेघरांची रात्र

गटात साधारण सव्वाशे-दीडशे कुटुंबं असतील तर पहिल्या दहा दिवसांत रोज बारा-पंधरा उरका. शेवटचे दिवस कुलूपबंद घरं आणि हद्दीसाठी मोकळे ठेवा. शेवटच्या तीन दिवसांत साठ घरं राहिली की प्रगणक एका जागी बसून शेजाऱ्याला विचारून फॉर्म भरतो, आणि मग सगळ्यांची वयं शून्य-पाचवर संपतात. पर्यवेक्षकाला ते आकड्यांवरूनच कळतं.

बेघरांची मोजणी एका रात्रीत होते. २०११ मध्ये ती २८ फेब्रुवारीची रात्र होती. आठवडाभर आधी रात्री फिरून जागा हेरून ठेवा: स्थानक, उड्डाणपुलाखाली, बाजाराचे ओटे, धर्मशाळेचा व्हरांडा, दर्गा. पालं टाकून राहणाऱ्यांना आणि मेंढ्यांचा वाडा घेऊन रानात बसलेल्या मेंढपाळांना गाठण्यासाठी त्या दिवशी दुपारीच मुक्कामाची जागा विचारून ठेवा, कारण सकाळी ते पुढे गेलेले असतात. हे काम एकट्याने करू नका.

उजळणीची फेरी आणि गोषवारा

मोजणी संपल्यावर संदर्भ क्षणाशी जुळवण्यासाठी पुन्हा एक फेरी. २०११ मध्ये ती १ ते ५ मार्च होती. प्रत्येक घरी एवढंच विचारायचं: मी गेल्यानंतर १ मार्च लागेपर्यंत, म्हणजे २८ फेब्रुवारीच्या रात्री बारापर्यंत, कोणी जन्मलं का, वारलं का, कुठेच न मोजलेलं कोणी राहायला आलं का. २८ तारखेला रात्री साडेअकराला जन्मलेलं बाळ धरायचं, साडेबाराला जन्मलेलं नाही. साडेबाराला वारलेला माणूस मात्र यादीत राहतो, कारण त्या क्षणी तो जिवंत होता. त्याचं नाव खोडलं गेलं असेल तर परत घाला.

शेवटी गोषवारा. कुटुंबांची संख्या, पुरुष, स्त्रिया, एकूण. चार तपासण्या कराच: घरयादीतली कुटुंबं आणि आताची कुटुंबं यातल्या प्रत्येक फरकाचं कारण लिहिता येतं का, शून्य वयाची निदान काही बाळं आहेत का (दीडशे कुटुंबांत एकही नसेल तर पाळणे राहिले आहेत), एकाच कुटुंबात आई आणि मुलाच्या वयात बारा वर्षांपेक्षा कमी अंतर कुठे पडतंय का, आणि शेजारच्या प्रगणकाशी हद्दीवरच्या इमारतींची यादी एकदा समोरासमोर बसून जुळली का. चौथी तपासणी सगळे टाळतात. ती झाल्याशिवाय पर्यवेक्षकाने गोषवाऱ्यावर सही करू नये.